बडोद्यातील अल्पसंख्याक लघुउद्योजक : साहाय्य कोणाला, कोणत्या आधारावर आणि कोठून

गुजरातमधील मराठी भाषक हे भाषेच्या दृष्टीने अल्पसंख्य आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे दीड टक्का होते. त्यांची ठळक वस्ती गायकवाडांच्या जुन्या राजधानीत, म्हणजे बडोद्यात आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे नोकरीबरोबरच खानावळ, छपाई, शिवणकाम, फराळाचे पदार्थ, दुरुस्तीची कामे अशा छोट्या व्यवसायांतही आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते.

या कुटुंबांतील एखादा तरुण व्यवसायासाठी भांडवल शोधू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : आपण येथे अल्पसंख्य आहोत, तर अल्पसंख्याकांसाठीच्या शासकीय योजना आपल्याला लागू होतात काय? केवळ मराठी भाषक म्हणून त्या लागू होत नाहीत. हे आरंभीच ठाऊक नसल्याने अनेकांचे महिने चुकीच्या कार्यालयात खर्ची पडतात. त्याच वेळी धर्म, जात, लिंग, व्यवसाय किंवा उत्पन्न यांपैकी एखाद्या आधारावर जे साहाय्य खरोखर मिळू शकते, त्याकडे दुर्लक्ष होते. गोव्यातील मराठी वाचकालाही हा विषय परका नाही. भाषेच्या बाबतीत येथेही कायद्याचे उत्तर तेच आहे.

‘अल्पसंख्याक’ या शब्दाचे दोन अर्थ

राज्यघटनेच्या २९ व्या आणि ३० व्या अनुच्छेदांत धार्मिक व भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांचा विचार आहे. आपली भाषा व संस्कृती जपणे आणि आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालवणे, हे हक्क त्यांतून मिळतात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब हे अनुच्छेद जोडले. पहिल्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय आहे, तर दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरते. बडोद्यातील मराठी शाळेला घटनेचे हे छत्र आहे. मात्र ते शाळेवर आहे, दुकानावर नाही.

उद्योगासाठीच्या केंद्रीय योजनांत ‘अल्पसंख्याक’ हा शब्द राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, १९९२ मधून येतो. या कायद्यानुसार केंद्र सरकारने १९९३ मध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे पाच समाज अधिसूचित केले. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाची त्यांत भर पडली. ही सहा नावांची यादी संपूर्ण देशाला लागू आहे. म्हणून मूळचा गोव्याचा ख्रिस्ती, कोल्हापूरकडचा जैन किंवा नागपूरचा बौद्ध बडोद्यात स्थायिक झाला, तरी त्याचे अल्पसंख्याकत्व त्याच्यासोबत येते. मराठी भाषक हिंदू कुटुंबाला मात्र या यादीत स्थान नाही. त्याने आपला आधार अन्यत्र शोधावयाचा असतो.

अल्पसंख्याकांसाठीचे स्वतंत्र महामंडळ

अधिसूचित सहा समाजांतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वयंरोजगारासाठी कर्ज देण्याकरिता राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ सप्टेंबर १९९४ मध्ये स्थापन झाले. हे महामंडळ अर्जदाराला थेट कर्ज देत नाही. प्रत्येक राज्यातील नियुक्त संस्थेमार्फत पैसा पोहोचतो. गुजरातमध्ये हे काम गांधीनगर येथील गुजरात अल्पसंख्याक वित्त व विकास महामंडळाकडे आहे. राष्ट्रीय महामंडळाच्या दिल्लीतील पत्त्यावर पाठवलेला अर्ज पुढे सरकत नाही, तो यामुळेच.

महामंडळाच्या योजना दोन श्रेणींत विभागल्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असल्यास पहिली श्रेणी, त्याहून अधिक पण ८ लाखांपर्यंत असल्यास दुसरी श्रेणी लागू होते. मुदत कर्जाची कमाल मर्यादा पहिल्या श्रेणीत २० लाख रुपये आणि व्याजदर ६ टक्के आहे. दुसऱ्या श्रेणीत मर्यादा ३० लाख असून व्याज पुरुषांना ८ टक्के व महिलांना ६ टक्के आहे. प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा राष्ट्रीय महामंडळ उचलते, उरलेला राज्य संस्था आणि लाभार्थी यांनी द्यावयाचा असतो. कारागिरांसाठी ‘विरासत’ ही वेगळी योजना असून तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत, याहूनही कमी व्याजाने कर्ज मिळते. बचतगटांतील सदस्यांसाठी सूक्ष्म कर्जाचीही सोय आहे.

या कमाल मर्यादा राष्ट्रीय पातळीवरच्या आहेत. प्रत्यक्षात किती रक्कम मिळेल, हे राज्य महामंडळाकडील निधी, जामीनदार आणि परतफेडीची क्षमता यांवर ठरते. शिवाय हे अनुदान नसून सवलतीच्या व्याजाचे कर्ज आहे, हे विसरून चालणार नाही.

‘प्रधानमंत्री विरासत का संवर्धन’ म्हणजेच ‘पीएम विकास’ ही अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालयाची योजना प्रशिक्षणासाठी आहे. ‘सीखो और कमाओ’, ‘उस्ताद’, ‘हमारी धरोहर’, ‘नई रोशनी’ आणि ‘नई मंजिल’ या पाच जुन्या योजना तिच्यात विलीन झाल्या आहेत. जुन्या नावांनी माहिती शोधणाऱ्याने हा बदल लक्षात ठेवावा.

प्रत्यक्ष अनुदान कोठे आहे

परत न करावयाच्या रकमेला अनुदान म्हणायचे असेल, तर बडोद्यातील अल्पसंख्याक उद्योजकाने प्रथम पाहावी अशी योजना अल्पसंख्याक मंत्रालयाची नाही. ती आहे प्रधानमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी. २००८-०९ पासून चाललेला हा कार्यक्रम खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत राबवला जातो. आयोग, राज्य खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांपैकी कोणाचीही निवड अर्जात करता येते.

या कार्यक्रमात अर्जदारांचे सर्वसाधारण आणि विशेष असे दोन प्रवर्ग आहेत. विशेष प्रवर्गात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला, माजी सैनिक, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांचा समावेश होतो. सर्वसाधारण अर्जदाराने प्रकल्पखर्चाच्या १० टक्के रक्कम स्वतः घालावी लागते आणि त्याला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान मिळते. विशेष प्रवर्गाचा स्वतःचा वाटा ५ टक्के, तर अनुदान शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के आहे. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची कमाल मर्यादा ५० लाख रुपये, सेवा उद्योगासाठी २० लाख रुपये आहे.

एक उदाहरण घेऊ. बडोदे शहरात १० लाख रुपयांचे शिवणकाम केंद्र उभारायचे आहे. सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाने स्वतःचे १ लाख घालावेत, त्याला अनुदान मिळेल दीड लाख. मुस्लिम, ख्रिस्ती किंवा जैन अर्जदाराने ५० हजार घालावेत, अनुदान अडीच लाख. हाच प्रकल्प त्याने ग्रामीण भागात उभारला, तर अनुदान साडेतीन लाखांवर जाते. अर्ज मराठी हिंदू स्त्रीच्या नावे असला, तरी ती महिला म्हणून विशेष प्रवर्गातच येते. भाषेने जो आधार मिळाला नाही, तो येथे अन्य मार्गाने मिळतो. अर्थात व्यवसाय खरोखर तिचा असला पाहिजे. नावापुरता अर्ज केल्यास पडताळणीत तो उघडा पडतो.

अनुदानाची रक्कम हातात मिळत नाही, ही या कार्यक्रमातील सर्वाधिक गैरसमजाची बाब आहे. बँक प्रथम कर्ज मंजूर करते. अनुदान तिच्याकडे आल्यावर ते अर्जदाराच्या नावे तीन वर्षांच्या ठेवीत राहते. तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही आणि ठेवीवर व्याज देतही नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची पडताळणी होऊन ती रक्कम कर्जखाती वळती होते. मध्येच उद्योग बंद पडला, तर अनुदान हातचे जाते. म्हणून या योजनेचा खरा निर्णय सरकारी कार्यालयात होत नाही, तो बँकेच्या शाखेत होतो.

आणखी काही अटी आहेत. अर्जदाराचे वय १८ वर्षांहून अधिक असावे. उत्पादन उद्योग १० लाखांहून किंवा सेवा उद्योग ५ लाखांहून मोठा असल्यास किमान आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. उद्योग नवा असावा आणि त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही शासकीय योजनेतून अनुदान घेतलेले नसावे. एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. या कार्यक्रमाला २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी मंजुरी दिलेली होती. म्हणून अर्जापूर्वी त्याची चालू स्थिती आणि दर अधिकृत पोर्टलवर पाहून घेणे इष्ट.

सर्वांसाठी खुल्या योजना

धर्म, जात न विचारता मिळणाऱ्या साहाय्यात मुद्रा योजना प्रमुख आहे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. ‘तरुण’ गटाचे कर्ज नीट फेडणाऱ्याला २०२४ पासून ‘तरुण प्लस’मध्ये २० लाखांपर्यंतची मर्यादा खुली झाली आहे. पीएमईजीपी मुख्यतः उत्पादन व सेवा उद्योगांसाठी आहे. मुद्रा कर्ज किरकोळ व्यापारालाही चालते, त्यामुळे छोट्या दुकानदाराला तेच अधिक उपयोगी पडते.

पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, शिंपी, धोबी, न्हावी, माळी, मूर्तिकार अशा १८ व्यवसायांतील हाताने काम करणाऱ्यांसाठी ती आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. बडोद्यातील शिंपी मुस्लिम असो वा मराठी, तिच्या दारात दोघेही सारखेच.

गुजरात सरकारची ‘श्री वाजपेयी बँकेबल योजना’ जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालते आणि बँक कर्जावर अनुदान देते. आरक्षणाबाहेरील समाजांसाठी राज्याने स्वतंत्र शैक्षणिक व आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले आहे. जे मराठी कुटुंब ना अल्पसंख्याक यादीत, ना मागासवर्गीय यादीत, त्याने या महामंडळाच्या रहिवासाच्या व उत्पन्नाच्या अटी जरूर तपासाव्यात.

महाराष्ट्रातील वृत्तपत्रे वाचून बडोद्यातील काही मराठी तरुण अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाकडे किंवा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे आशेने पाहतात. ही दोन्ही महाराष्ट्राची महामंडळे असून त्या राज्याचा रहिवास ही त्यांची मूळ अट आहे. बडोद्यात घर आणि बडोद्यात व्यवसाय असलेल्याला त्यांचा लाभ नाही.

बौद्ध अर्जदाराची दोन दारे

१९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. त्यामुळे बौद्ध अर्जदार अल्पसंख्याक म्हणून एका महामंडळाकडे किंवा अनुसूचित जातीचा म्हणून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. येथे एक मोठा फरक आहे. अल्पसंख्याकत्व देशभर चालते. जातीचा दर्जा मात्र राज्याशी बांधलेला असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या कुटुंबाला नव्या राज्यात अनुसूचित जातीचा लाभ मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हे स्पष्ट केले. जे बौद्ध कुटुंब १९५० पूर्वीपासून बडोद्याचे आहे, त्याला दोन्ही दारे खुली असू शकतात. जे अलीकडे विदर्भातून आले, त्याने अल्पसंख्याकाच्या दाराने जाणेच श्रेयस्कर.

पैसा मिळाला, जागेचे काय

साहाय्य आणि शहरातील स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला बडोद्याच्याच इतिहासात आहे. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८९० मध्ये तंत्रशिक्षणासाठी कलाभवन सुरू केले आणि १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. १९१३ मध्ये त्यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते संस्थानच्या सेवेसाठी परतले, तेव्हा दरबाराचा आश्रय असूनही त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पथिकाश्रमात ते उतरले होते तेथूनही त्यांना घालवून देण्यात आले.

आजच्या उद्योजकापुढे जागेचा प्रश्न कायद्याच्या रूपानेही येतो. गुजरातमध्ये १९९१ पासून ‘अशांत क्षेत्र’ कायदा म्हणून ओळखला जाणारा कायदा लागू आहे आणि बडोद्याचे काही भाग त्याखाली अधिसूचित आहेत. अशा भागातील घर, दुकान वा गाळा विकत घ्यायचा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसताना झालेला व्यवहार वैध ठरत नाही. कर्जाच्या प्रकरणात जागेची कागदपत्रे जोडावी लागतात. म्हणून इसारा देण्यापूर्वी तो भाग अधिसूचित आहे काय, याची चौकशी करावी. अन्यथा कर्ज मंजूर आणि जागा अडकलेली, अशी स्थिती ओढवते.

बँकेपुढे जाताना

बँकांनी द्यावयाच्या अग्रक्रम कर्जांत अधिसूचित अल्पसंख्याकांचा समावेश रिझर्व्ह बँकेने ‘दुर्बल घटकां’त केला आहे आणि या घटकांसाठी एकूण समायोजित कर्जाच्या १२ टक्के लक्ष्य ठरवले आहे. याचा अर्थ शाखेने प्रत्येक अर्ज मंजूर केलाच पाहिजे असा नाही. मात्र अल्पसंख्याक अर्जदाराचे कर्ज बँकेच्या लक्ष्यपूर्तीला साहाय्यक असते, हे अर्जदाराला ठाऊक असावे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असाही रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यावरील कर्जाला सूक्ष्म व लघु उद्योग पतहमी निधीचे संरक्षण घेता येते. अर्ज फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर पुढे दाद मागता येत नाही. शाखेत प्रश्न न सुटल्यास जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जावे. बडोदे जिल्ह्यात ही जबाबदारी बँक ऑफ बडोदाकडे आहे.

तयारीचा क्रम

प्रथम उद्यम नोंदणी करावी. १ जुलै २०२० पासूनची ही नोंदणी पूर्णपणे ऑनलाइन व नि:शुल्क आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. त्यानंतर आधार, पॅन, रहिवास, उत्पन्न आणि आपल्या प्रवर्गाचा दाखला गोळा करावा. गुजरातमध्ये धार्मिक अल्पसंख्याक प्रमाणपत्रासाठी डिजिटल गुजरात पोर्टलवर अर्ज करता येतो. निरनिराळ्या कागदांवर नावाचे लेखन एकसारखे आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. मराठी नाव गुजरातीत आणि इंग्रजीत वेगवेगळे लिहिले गेल्याने प्रकरणे रेंगाळतात.

मग प्रकल्प अहवाल. यंत्रांची दरपत्रके, कच्च्या मालाचा खर्च, महिन्याची अपेक्षित विक्री आणि हप्त्याची तजवीज हे आकडे अर्जदाराला स्वतः सांगता आले पाहिजेत. दलालाने भरून दिलेला अहवाल अर्जदारालाच समजला नाही, तर बँकेतील पहिल्याच मुलाखतीत ते दिसून येते. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये हे लेखन शिकवले जाते. ‘मायस्कीम’ आणि ‘जनसमर्थ’ या शासकीय पोर्टलांवर आपली माहिती भरून लागू पडणाऱ्या योजना शोधता येतात. योजनेसाठी ‘मंजुरी शुल्क’ मागणाऱ्या दूरध्वनीला प्रतिसाद देऊ नये.

गोव्यातील वाचकासाठी

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती सुमारे २५ टक्के आणि मुस्लिम ८ टक्क्यांहून अधिक आहेत. राज्यात ख्रिस्ती समाज संख्येने मोठा असला, तरी केंद्रीय यादी देशव्यापी असल्याने पीएमईजीपीतील अल्पसंख्याकांचे दर येथेही लागू होतात. राज्याच्या पातळीवर आर्थिक विकास महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजना रहिवासाच्या अटीवर सर्व समाजांना खुली आहे. मराठी भाषक म्हणून वेगळी उद्योग सवलत मात्र येथेही नाही.

तेव्हा बडोदे असो वा पणजी, शोधाचा आरंभ योजनेच्या नावापासून करू नये. धर्म, जात, लिंग, हस्तव्यवसाय, उत्पन्न, रहिवास आणि उद्योगाचे ठिकाण अशी सात उत्तरे एका कागदावर लिहावीत. कोणत्या कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या आणि कोणत्या नाहीत, हे त्या कागदावरूनच ठरते. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने वाचलेला प्रत्येक दिवस हाही भांडवलाचाच भाग असतो.